परसातल्या कोंबड्यांची निवड आणि पैदास: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हुडकेश्वरच्या पुढे आमच्या घरामागे बारा वर्षांपासून कोंबड्या आहेत. आधी ओळखीचे लोक विचारायचे, मग त्यांच्या ओळखीचे, आता अनोळखी नंबरवरूनही फोन येतात. प्रश्न तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत आणि शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. माझं मुख्य सांगणं आधीच सांगतो: कोंबड्याचा आधी स्वभाव बघा, मग अंगाची ठेवण आणि वजन, रंग सगळ्यात शेवटी. बाजारात नेमकं उलटं चालतं.

1. माझ्याकडे दहा-बाराच कोंबड्या आहेत. एवढ्यात पैदास काय करायची?

तुम्ही ती करतच आहात. ज्या दिवशी खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली अंडी ठेवता, त्या दिवशी पुढच्या पिढीचे आईबाप ठरतात. फरक एवढाच की बहुतेक घरांत ते कोणी ठरवत नाही. पाहुणे आले की कळपातला सगळ्यात भरदार कोंबडा कापला जातो. पायात न येणारा, हाती न लागणारा, अंगाने बारका कोंबडा मागे उरतो आणि तोच सगळ्या पिल्लांचा बाप होतो. चार-पाच वर्षं असं चाललं की लोक म्हणतात, "गावठी कोंबडी आता पहिल्यासारखी राहिली नाही." तिला तशी आपणच केलेली असते. पाहुण्यांसाठी दुसरा कोंबडा कापा, सगळ्यात चांगला ठेवून घ्या. पैदाशीची सुरुवात इथून होते.

2. नागपूरच्या उन्हात कोणती जात टिकते?

नागपूरचं तापमान 23 मे 2013 ला 47.9 अंशांवर गेलं होतं, आणि 45 च्या आसपास तर बहुतेक उन्हाळ्यांत जातंच. त्यामुळे जड अंगाच्या, दाट पिसांच्या कोंबड्या इथे हाल काढतात. आपली गावठी, उघड्या मानेची, असील आणि कडकनाथ या इथे चांगल्या तगतात. ऱ्होड आयलंड रेड किंवा गिरीराज यांसारखी जड जात पाळायची असेल तर गडद सावली, दिवसातून तीनदा बदललेलं गार पाणी आणि नवतपाच्या (मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ) दिवसांत ओल्या पोत्यांचे पडदे लागतीलच.

नवशिक्यांनी गावठीपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. तिच्यात रंग, तुरे, अंगलट यांची इतकी विविधता असते की निवड करायला हात शिकतो, आणि चूक झाली तरी खिशाला फार लागत नाही.

3. एका कोंबड्यामागे किती कोंबड्या ठेवू?

हलक्या गावठीसाठी आठ ते दहा, जड जातीसाठी सहा ते आठ. कमी कोंबड्या असल्या तर कोंबडा त्यांच्याच पाठीवर पुन्हा पुन्हा चढतो, पिसं झडतात, कातडी उघडी पडते. असं दिसलं की लोकांना वाटतं कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात. ते प्रकरण वेगळं आहे, त्यासाठी प्रश्न 8 पाहा.

4. आमचा कोंबडा पोराच्या अंगावर धावून येते. लय देखणा आहे. याला सुधरवू कसा?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मुलांना त्याच्यापासून दूर करा. कोंबड्याच्या पायाचा काटा लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर लागतो. मी एकदा बाजारातून एक तांबडा-काळा कोंबडा आणला होता. शेपटीची कमान अशी की रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. दीड महिन्यात त्याने माझ्या भाच्याची भुवई फोडली. काटा अर्धा इंच खाली लागला असता तर डोळा गेला असता. त्या वेळी त्याची अंडी दोन कोंबड्यांखाली होती. मी ती काढून टाकली नाहीत, एवढ्या देखण्या बापाची पिल्लं म्हणून जीव झाला नाही. त्यातल्या पाच नरांपैकी तीन वर्षाच्या आत तसेच अंगावर येऊ लागले. त्यानंतर रूप आधी बघायची सवय मी सोडली.

आता सुधारण्याचं. कोंबडा साधारण पाचव्या महिन्यापासून वर्षापर्यंत वयात येतो. या काळात एक पंख खाली पाडून, तिरका होऊन तुमच्याभोवती नाचत असेल, तर तो तुम्हाला दुसरा कोंबडा समजून जोखतो आहे. पळू नका आणि लाथही मारू नका. पळालात तर तो जिंकला, लाथ मारलीत तर झुंज सुरू झाली. जागेवर उभे राहा, तो शांत झाला की मग पुढे चला. रोज संध्याकाळी त्याला काखेत घेऊन पाच-दहा मिनिटं फिरवा, काही कोंबडे याने निवळतात. पण महिनाभरात फरक पडला नाही, किंवा तो मागून येऊन मारू लागला, तर त्याला कळपातूनच काढा. निवळलेला कोंबडासुद्धा घरी ठेवायला ठीक आहे, त्याची अंडी मात्र बसवू नका. पुढे त्याचं काय करायचं ते प्रश्न 18 मध्ये आहे.

5. स्वभाव रक्तात असतो की वाढवण्यात?

दोन्हीत. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून माणसाने लेगहॉर्न या जातीतून खुडूक बसण्याची सवय जवळजवळ घालवली आणि असीलमध्ये झुंजारपणा पक्का केला. वागणं निवडीने बदलतं याला याहून मोठा पुरावा नको. पण वाढवण्याचा वाटाही मोठा आहे. एकटंच, हातावर, घरात वाढवलेलं नर पिल्लू माणसाचं भय विसरतं आणि मोठं झाल्यावर माणसालाच प्रतिस्पर्धी मानतं. मुलांनी लाडाने खांद्यावर बसवलेला पिल्लू-कोंबडा पुढे सर्वांत वाईट निघतो, हे मी तीन-चार घरांत पाहिलं आहे. नर पिल्लं इतर पिल्लांसोबत, शक्यतो मोठ्या कोंबड्यांच्या धाकात वाढवा. दाणे हाताने द्या, पण त्यांचं खेळणं करू नका.

म्हणूनच निवड करताना सगळी पिल्लं एकाच पद्धतीने वाढवा. एक हातावर आणि एक मोकळं वाढवलंत, तर दिसणारा फरक रक्ताचा की सवयीचा हे कधीच कळणार नाही.

6. पैदाशीचा कोंबडा नेमका कधी आणि कसा निवडायचा?

तीन टप्प्यांत. आठव्या आठवड्यात वजन करा. स्वयंपाकघरातला काटा पुरतो. एकाच दिवशी निघालेल्यांत जे सर्वांत मागे पडले ते बाजूला काढा. चौथ्या-पाचव्या महिन्यात ठेवण बघा: पाठ सरळ, छाती रुंद, पाय समांतर, गुडघे आत न वळलेले, शेपूट एका बाजूला न झुकलेली. स्वभावाचा निकाल मात्र नऊ-दहा महिन्यांच्या आधी देऊ नका. पाच महिन्यांचा साधाभोळा कोंबडा आठव्या महिन्यात पालटतो.

माझी कसोटी साधी आहे. कळपात जाऊन खाली उकिडवं बसतो. मग एक कोंबडी उचलतो, ती ओरडते. चांगला कोंबडा सावध होतो, आवाज देतो, दोन पावलं पुढे येऊन थांबतो. वाईट कोंबडा थेट झेप घेतो. कोपऱ्यात जाऊन लपणाराही मला नको असतो. दुसरी गोष्ट, मूठभर ज्वारी टाका. चांगला कोंबडा "कुक-कुक" करून कोंबड्यांना बोलावतो, दाणा चोचीत उचलून पुन्हा खाली टाकतो आणि त्यांना आधी खाऊ देतो. असा कोंबडा असला की कोंबड्या शांत राहतात.

निदान तीन-चार भाऊ वर्षभर सांभाळा आणि त्यांतून एक निवडा. एकच कोंबडा असेल तर निवड कसली?

7. आणि कोंबडी?

तिची परीक्षा दुसऱ्या वर्षी घ्या. नागपूरचा एक उन्हाळा काढून पुन्हा अंड्यावर आलेली कोंबडी म्हणजे तिने अर्धी परीक्षा आधीच दिली. तलंगांची (नुकत्याच अंड्यावर आलेल्या तरुण कोंबड्यांची) पहिली अंडी लहान असतात, त्यांतून पिल्लंही लहान निघतात, ती बसवू नका. अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या मागच्या दोन हाडांमध्ये दोन ते तीन बोटं सहज बसतात. अंडी न देणारीत एकच बोट बसतं.

कोण किती अंडी देते हे अंदाजाने सांगू नका. पायात वेगवेगळ्या रंगाची प्लास्टिकची कडी घाला आणि कॅलेंडरवर खुणा करा. आमच्याकडे सर्वांत जास्त ओरडणारी कोंबडी सर्वांत जास्त अंडी देते असं सगळे समजत होते. वहीत ती पाचवी निघाली.

8. कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून खातात. ही खोड वंशात आहे का?

थोडी असू शकते, पण आधी बाकीची कारणं काढा. जागा कमी आहे का? खुराड्यात एका कोंबडीला तीन-चार चौरस फूट आणि बाहेर निदान दहा चौरस फूट हवेत. नुसत्या कणी-ज्वारीवर आहेत का? मग प्रथिनं कमी पडत आहेत. सोयाबीनची ढेप, अळ्या, किंवा तयार खाद्य द्या. उन्हाळ्यात पत्र्याखाली कोंडल्या आहेत का? उवा आहेत का? हे सगळं नीट करूनही एखादीच कोंबडी सतत उपटत असेल तर तिला वेगळं करा आणि तिची अंडी बसवू नका.

9. अंडी कोणत्या महिन्यात बसवावी?

दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंत. एवढंच लक्षात ठेवलं तरी चालेल, पण कारण समजून घेतलेलं बरं.

एप्रिल ते जून कोंबड्याची फळवण्याची क्षमता उन्हाने घटते. शिवाय अंडं साठवायला साधारण 15 ते 18 अंश तापमान लागतं. आपल्या घरात मे महिन्यात रात्री दहा वाजताही 35 असतं. एवढ्या उष्णतेत अंड्यातला जीव अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. लोक म्हणतात "अंडी गरी निघाली" (म्हणजे पिल्लाशिवाय वाया गेली), आणि दोष कोंबड्याला देतात. तरीही उन्हाळ्यात बसवायचीच असतील, तर तीन-चार दिवसांपेक्षा जुनी घेऊ नका आणि माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा. थंडीतही आठवड्याहून जुनी अंडी नकोत.

गावठी कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरे. पिल्लं एकविसाव्या दिवशी निघतात. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून बघा, शिरांचं जाळं दिसलं नाही ती अंडी काढा. मशीन असेल तर पंख्याच्या मशीनमध्ये 37.5 ते 37.8 अंश ठेवा आणि अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवणं थांबवा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पिल्लांना बल्बची ऊब लागते, ते विसरू नका.

10. कोंबडा बदलला. नव्या कोंबड्याची पिल्लं कधीपासून मिळतील?

तीन आठवडे थांबा. कोंबडीच्या शरीरात आधीच्या कोंबड्याचं वीर्य दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकतं. काल कोंबडा बदलून आज अंडी गोळा केलीत, तर पिल्लं बहुतेक जुन्याचीच असतील आणि नाव नव्याचं लागेल. प्रश्न 4 मधल्यासारखा मारका कोंबडा काढल्यावर तर हे फार महत्त्वाचं. ती तीन आठवड्यांची अंडी खाऊन टाका.

11. गिरीराज किंवा वनराजाची अंडी घरीच उबवली तर तीच जात मिळेल का?

नाही. गिरीराज बेंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आणि वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात तयार झाली. वेगवेगळ्या वंशांच्या संकरातून त्या येतात. संकराच्या पहिल्या पिढीत जो जोर असतो तो पुढच्या पिढीत विखुरतो: एक पिल्लू मोठं, एक बारकं, एक अंड्याचं, एक नुसतं खाणारं. पिल्लं वाईट असतात असं नाही, पण त्यांना गिरीराज म्हणून विकू नका. एकसारखी हवी असतील तर दर वेळी उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्लं आणा.

12. कडकनाथ कोंबडा गावठी कोंबडीला लावला. पिल्लं काळी होतील का? आणि कडकनाथचं अंडं पांढरं निघालं, म्हणजे फसवलं का?

अंड्याने कोणी फसवलं नाही. कडकनाथचं अंडं फिकट बदामी किंवा मळकट पांढरंच असतं. काळं अंडं म्हणून कोणी दाखवलं तर तिथून निघून या.

पिल्लांची गोष्ट जास्त मजेची आहे. कातडी, हाडं, मांस काळं करणारा गुण जोरकस असतो, एका पालकाकडून आला तरी दिसतो. पण कातडीतला काळेपणा दाबणारा दुसरा एक गुण असतो आणि तो लिंगाशी जोडलेला आहे. पांढऱ्या किंवा पिवळ्या पायांच्या गावठी कोंबड्यांत तो बहुधा असतो. कोंबडीला असा गुण फक्त बापाकडून मिळतो, कोंबड्याला दोघांकडून. म्हणून कडकनाथ बाप आणि पिवळ्या पायांची गावठी आई असेल, तर मुली काळ्या आणि मुलगे फिके निघतात. उलट जोडी लावली, म्हणजे गावठी बाप आणि कडकनाथ आई, तर बहुतेक सगळीच फिकी. याच कारणाने एकाच घाण्यातली (एकाच वेळी उबवलेली) अर्धी पिल्लं काळी निघाली की लोक गोंधळतात.

मूळ कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआची. 2018 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पैदाशीसाठी निवडताना नुसती पिसं बघू नका, चोच उघडून जीभ आणि टाळू बघा, तळपाय बघा. पिसं काळी आणि तळपाय पांढरा असेल तर तो संकर आहे. कडकनाथ कोंबडी खुडूक बसण्याच्या बाबतीत कच्ची, तिची अंडी गावठीखाली बसवलेली बरी.

13. असील ठेवायचा आहे, पण बेकायदेशीर आहे असं ऐकलं. खरं का?

असील पाळणं, त्याची पैदास करणं यात काही गैर नाही. गुन्हा आहे झुंज लावणं, आणि तो प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याने आहे. काटे-चाकू बांधून पैजा लावणारे या देखण्या जातीचं नाव खराब करतात.

स्वभावाने असील माणसाशी अतिशय सौम्य असतो, हातात शांत बसतो. भांडतो तो दुसऱ्या कोंबड्याशी, आणि पिल्लंसुद्धा काही आठवड्यांची असतानाच एकमेकांची डोकी फोडतात. नर लवकर वेगळे करायला जागा नसेल तर असील घेऊ नका. असीलची कोंबडी मात्र उत्तम आई. घार आली तरी पिल्लं सोडत नाही.

14. उघड्या मानेची आणि उलट्या पिसांची जोडी लावू का?

उघड्या मानेची खुशाल लावा. तो गुण जोरकस आहे आणि उन्हात उपयोगी, अंगावर पिसं कमी म्हणजे उष्णता लवकर बाहेर. गळ्यापाशी पुढे पिसांचा झुबका असेल तर तो गुण एकाच पालकाकडून आलेला, मान साफ असेल तर दोघांकडून.

उलट्या पिसांचं वेगळं. दोन्ही उलट्या पिसांचे लावलेत तर साधारण चौथाई पिल्लांची पिसं इतकी ठिसूळ होतात की ती अर्धी नागडी राहतात, थंडीत मरतात. नेहमी एक उलट्या आणि एक सरळ पिसांचा घ्या.

15. बापाला मुलीशी लावलं तर काय बिघडतं?

एकदा लावल्याने लगेच काही दिसत नाही, म्हणूनच लोक फसतात. बाप-मुलगी किंवा सख्खे भाऊ-बहीण यांच्या पिल्लांत एकाच पूर्वजाकडून दुहेरी आलेल्या गुणांचं प्रमाण 25 टक्के धरतात, सावत्र भावंडांच्या पिल्लांत 12.5. हे साठत गेलं की आधी अंडी कमी फळतात, मग पिल्लं अशक्त होतात.

जागा असेल तर तीन कुटुंबं करा: लाल, निळं, पिवळं कडं. पिल्लाला आईच्या कुटुंबाचं कडं घाला. दर वर्षी लाल कुटुंबातला तरुण कोंबडा निळ्यात, निळ्यातला पिवळ्यात, पिवळ्यातला लालमध्ये. कोंबड्या जागेवर राहतात. तीन कोंबडे आणि पंधरा-अठरा कोंबड्यांत हे जमतं आणि बरीच वर्षं बाहेरचं रक्त आणावं लागत नाही. एवढी जागा नसेल तर दोन शेजाऱ्यांना जोडीला घ्या, प्रत्येकाकडे एक कुटुंब.

16. बाहेरून कोंबडा आणताना काय काळजी घ्यायची?

तीन ते चार आठवडे वेगळा, लांब, वेगळ्या भांड्यांत ठेवा, आणि त्याचं काम सर्वांत शेवटी करा. डिसेंबर 2024 मध्ये आपल्या गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. हा रोग कुठवर पोचतो ते त्यावरून समजा. एकदम बरेच पक्षी मेले तर पुरू नका, विकू नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

राणीखेतच्या, म्हणजे मानमोडीच्या लसी सोडू नका: पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी. वर्षांची निवड मानमोडी चार दिवसांत पुसून टाकते. विकणाऱ्याला कोंबड्याचे आईबाप दाखवायला सांगा. तो टाळत असेल तर तुम्हीही तो कोंबडा टाळा.

17. पिल्लाची बोटं वाकडी आहेत. बाप बदलू का?

लगेच नको. मशीनचं तापमान चुकलं, किंवा गुळगुळीत कागदावर पिल्लं ठेवली, तरी बोटं आणि पाय वाकतात. तळाला तूस किंवा खरखरीत पोतं घाला. पुढच्या दोन घाण्यांत, कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांतही तोच दोष त्याच जोडीकडून आला, तर रक्ताचा समजा. कैचीसारखी चोच, एका बाजूला कायम झुकलेली शेपूट आणि पाठीचा कुबड यांना मी पहिल्याच वेळी पैदाशीतून काढतो.

18. नाकारलेल्या कोंबड्यांचं काय करायचं?

ठेवण किंवा वजन यात मागे पडलेल्या कोंबड्या अंड्यासाठी खुशाल ठेवा. नर आमच्या घरी खाल्ले जातात. आई सावजी मसाला वाटते, गावठीचा रस्सा दोन तास मंद शिजतो. वाढवलेला पक्षी खायचा नसेल तर खाणाऱ्याला द्या.

मारका कोंबडा मात्र पैदाशीसाठी कोणाला विकू नका, "थोडा तापट आहे" असं सांगूनही नाही. माझ्या भाच्याची भुवई ज्याने फोडली, तो कोंबडा असाच कोणीतरी बाजारात सोडला होता.

19. शांत कोंबडे निवडत गेलो तर कळपाची राखण कोण करेल? आमच्याकडे मुंगूस आणि शिक्रा दोन्ही आहेत.

माणसावर धावणं आणि कळप राखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंगसाला कोंबडा मारून हटवत नाही, त्यासाठी बारीक जाळी आणि रात्री बंद खुराडंच लागतं. कोंबड्याचं काम वेळेत ओरडणं हे आहे. आकाशातल्या धोक्याला तो एक लांब बारीक आवाज काढतो, जमिनीवरच्या धोक्याला तुटक कटकट करतो, आणि कोंबड्यांना दोन्ही समजतात.

निवडताना हेही बघा. मोकळ्या जागेत कोंबड्या चरत असताना आकाशाकडे एक डोळा वळवून कोण बघतो? आमचा आताचा कोंबडा पाच वर्षांचा आहे. शेजारची चार वर्षांची मुलगी त्याच्या पुढ्यात बसून दाणे टाकते. गेल्या मार्गशीर्षात शिक्रा कडुनिंबावरून सुटला तेव्हा पहिला आवाज त्याचाच आला, आणि मी दारात येईपर्यंत सगळी पिल्लं तुळशीवृंदावनामागे गेली होती. त्याचे दोन मुलगे सध्या दहा महिन्यांचे आहेत. त्यातला कोणता ठेवायचा ते संक्रांतीनंतर ठरवीन.